गाडी बंद करू नको

"गाडी बंद करू नको, आलोच."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असंल ते सांगता येणार न्हाई. एक पाय खाली, दुसरा अजून गाडीच्या पायदानावर, आणि तोंडात हे वाक्य. ते पुरं व्हायच्या आत माणूस आत गेलेला. बँक असू द्या, पंचायत समिती असू द्या, कुणाकडं मयतीला भेटायला गेलेलं असू द्या. मी बाहेर गाडी चालू ठेवून उभा, आणि शेजारपाजारचे लोक माझ्याकडं असे बघायचे की जसं काय आम्ही चोरी करून पळायच्या तयारीत आहोत.

तुमच्या गावात पण असा एक माणूस असंलच, आठवून बघा. खुर्ची पुढं केली की जो बसत न्हाई, खुर्चीच्या पाठीला नुसता हात लावून उभा राहतो. आमच्याकडं ते आबा होते. कुंभार पिंपळगावला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. मी बियाणं कंपनीचा माणूस, अंबड, घनसावंगी, परतूर हे तीन तालुके माझ्याकडं, दिवसभर मोटरसायकलवर. आबांना गाडी चालवता येत न्हवती, शिकायला टाइमच भेटला न्हाई म्हणे. त्यामुळं दुकानावर जो कुणी गाडी घेऊन येईल त्याच्या मागं बसायचे. मला साहेब म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे, एकाच दमात. "साहेब, परतूरकडं चालला का? थांब, पिशवी घेतो."

चहाचं पण तसंच. हॉटेलात शिरायच्या आधी रस्त्यावरूनच आवाज द्यायचे, "अर्धाच सांग, निघायचंय." चहा बशीत ओतला, उभ्या उभ्या एक भुरका, बशी टेबलावर, माणूस रस्त्यावर. हॉटेलवाला एकदा म्हणला, "आबा, उरलेला अर्धा कुठं पेता हो?"

आबा म्हणले, "पुढच्या गावात."

जेवण तर तुम्ही बघायलाच पाहिजे होतं. खताच्या गोण्यांच्या मधात उभे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात भाकर, आणि घास चावता चावता गिऱ्हाइकाला प्रश्न, "मागच्या फवारणीला काय मारलं होतं?" काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांना वाढायचं म्हणजे धावत्या एसटीला हात करायचा. थांबली तर थांबली."

हे सगळं मी हसून हसून लोकांना सांगायचो. परतूरचं मात्र कुणाला सांगत न्हवतो.

परतूरला आबांची पोरगी राहते. एकुलती एक. मी तिला ताईच म्हणतो. तिनं लग्न स्वतःच्या मनानं केल्तं, मुलगा शाळेत मास्तर, माणूस एकदम सरळ, पण आबांच्या मनातला न्हवता. त्या दिवशी आबा चार लोकांसमोर बोलून गेले, "तुझ्या दारात येईन, पण तुझ्या घरचं अन्न खाणार न्हाई." हे मला काकूंनी सांगितलं. राग तर नात झाल्यावर कधीच गेल्ता. शब्द मात्र राह्यला. काकू महिन्यातून चार दिवस लेकीकडं राहून यायच्या. आबा जायचे ते माझ्या गाडीवर, मोसंबीची पिशवी घेऊन. दारात तेच वाक्य, "गाडी बंद करू नको." आत तेच दुसरं वाक्य, "अर्धाच दे, निघायचंय." चहा म्हणजे काही जेवण न्हाई, एवढी वाट त्यांनी स्वतःला ठेवली होती. नातीच्या डोक्यावरून हात, पिशवी ओट्यावर, चहाचा भुरका, आणि मागं येऊन बसले पण. "चल, जल्दी."

ताई दारापर्यंत यायची. तिच्या हाताला पीठ लागलेलं असायचं. प्रत्येक वेळी. आत कुकरची शिट्टी व्हायची, भाजीचा वास रस्त्यापर्यंत यायचा, आणि आम्ही निघालेलो असायचो. एकदा आबा पिशवीतून मोसंब्या काढून देत होते तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणली, "दादा, एकदा तुमची गाडी इथं पंक्चर होऊ द्या ना."

मी हसलो. ती न्हाई हसली.

तर आता ट्रिपचं सांगतो, कारण सगळं तिथंच फिरलं.

आमच्या कंपनीनं त्या वर्षी चांगला माल उचललेल्या डीलर लोकांची टूर काढली, उझबेकिस्तानला. आबांचं नाव आलं. मी पळत सांगायला गेलो तर म्हणले, "तिथं जाऊन काय करायचं? बसायचंच ना?"

आतून काकूंचा आवाज, "जा हो. परदेशात जाऊन उभे राहून या."

आमची चौकडी जमली. मी, आबा, अंबडचे एक काका आणि परतूरचे रफिकभाई. काका आणि रफिकभाई दोघंही डीलर. काका पक्के शाकाहारी, त्यांची अर्धी बॅग धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीनं भरलेली. रफिकभाई म्हणजे खाण्याचा शौकीन माणूस, त्यांनी बॅगेत मुद्दाम जागा मोकळी ठेवली होती. विमान ताश्कंदला टेकलं न टेकलं की आबा पट्टा काढून उभे. हवाई सुंदरी बसा बसा म्हणून राह्यली आणि हे म्हणतेत, "न्हाई बाई, उतरायचंच आहे."

पहिल्या जेवणालाच गंमत झाली. आमचा गाइड दिलशोद, तिकडचाच पोरगा, कॉलेजात हिंदी शिकलेला. काकांनी त्याला विचारलं, भातात काय असतं. तो म्हणला, "सब्झी, बहुत सब्झी." काका खुश. ताट आलं तर पिवळ्या गाजरांचा भात आणि वर मटणाचा हा एवढा तुकडा. तिकडं सब्झी म्हणजे गाजर. काकांनी मुकाट्यानं धपाटा काढला. रफिकभाई इतके हसले की ठसका लागला.

रफिकभाईंना तर प्रत्येक शब्द ओळखीचा निघायला लागला. प्याजला पियोज, प्याल्याला पियोला, नानला नोन, पाहुण्याला मेहमोन. जेवायला खाली जे कापड अंथरतात ते दस्तुरखोन. रफिकभाई म्हणले, "आबा, ये तो अपनेच लोगां हैं. खाली 'ओ' जादा लगाते." मंग आम्ही दिवसभर सगळ्याला ओ लावत फिरलो. काकोंचा धपोटा. आबोंची घोई.

मला खरं सांगायचं तर वाटलं होतं की परदेश म्हणजे सगळं वेगळंच असंल, जिभेला काहीच कळणार न्हाई. आणि इथं पहिल्याच घासाला आबांनी भातातून एक बारीक काळपट दाणा उचलला, दातात धरला आणि म्हणले, "जिरंच आहे. पण आपल्यापेक्षा तिखट नाकाचं." दिलशोदला विचारलं तर तो म्हणला, "झिरा." आबांनी माझ्याकडं असं पाह्यलं जसं काय गावाकडचं कुणी भेटलं.

घाई मात्र तशीच. कुठंही बस थांबली की आबा ड्रायव्हरला हातानं खूण करून सांगायचे, "गाडी बंद करू नको." ड्रायव्हर म्हणायचा, "खोप, खोप." तिकडं त्याचा अर्थ बरं, ठीक आहे. आबांना वाटायचं तो 'खूप' म्हणून राह्यला. "खूप न्हाई रे बाबा," ते त्याला समजावून सांगायचे, "दोनच मिनिटं."

तिसऱ्या दिवशी समरकंदकडं चाललो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस, पांढराशुभ्र फुटलेला. सगळे डीलर खिडक्यांना चिकटले, जसं काय जंगलात वाघ दिसला. आणि तेवढ्यात बसचं मागचं चाक बसलं. बाकीचे आळोखेपिळोखे देत उतरत होते तोपर्यंत आबा वावरात. मी मागं पळालो. ते बोंड फोडून आत बोंडअळी शोधत होते, परक्याच्या देशात, परक्याच्या वावरात.

मागून एक म्हातारा आला. डोक्यावर नक्षीची चौकोनी टोपी, पायात गमबूट. मला वाटलं आता हा हाकलून देतो. आबा बिलकुल बावरले न्हाईत. त्यांनी त्याला बोंड दाखवलं, करंगळी अळीसारखी वळवळवली आणि भुवया उडवल्या, म्हणजे तुमच्याकडं आहे का ही? म्हातारा हसला. त्यानं पण करंगळी वळवळवली आणि शेजारच्या वावराकडं बोट केलं.

"घ्या," आबा म्हणले, "इथं पण अळी शेजाऱ्याकडूनच येते."

म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला आणि घराकडं चला अशी खूण केली. तोवर काका-रफिकभाईंना घेऊन दिलशोद पण आल्ता, तो म्हणला की न्हाई म्हणता येणार न्हाई, वाईट दिसतं. आबा म्हणले, "बराबर आहे, पण दोन मिनिटं. ड्रायव्हरला सांग, गाडी बंद करू नको."

"आबा, गाडी बंदच आहे," मी म्हणलो. "चाक काढलंय तिचं."

अंगणात द्राक्षाचा मांडव, त्याच्याखाली चार बाजा जोडून करावी तशी मोठी लाकडी बैठक, वर गाद्या, मधात दस्तुरखोन. आम्ही चौघं आणि दिलशोद चढून बसलो. म्हणजे आम्ही बसलो, आबा कडेला टेकले, पाय खाली, बूट पायातच. म्हाताऱ्यानं चहा आणला, दुधाशिवायचा, हिरवट. पियोल्यात ओतला आणि परत किटलीत टाकला. असं तीनदा. काका माझ्या कानात म्हणले, "कप धुवून राह्यला का काय." मंग त्यानं पहिला पियोला आबांना दिला. त्यात चहा अर्ध्यालाही न्हाई, नुसता तळाला.

आबा खुलले. "पाह्यलं का, ह्याला न सांगता कळलं. घाईचा माणूस ओळखू येतो." एका घोटात संपवला, पियोला ठेवला आणि उठले. म्हाताऱ्यानं लगेच पुन्हा तेवढाच ओतला. आबांनी तोही संपवला. पुन्हा तेवढाच. "ओलिंग, ओलिंग," म्हातारा म्हणत होता. घ्या, घ्या.

चौथ्या वेळी आबांचा धीर सुटला. "अरे बाबा, एकदाच भरून दे ना, पिऊन टाकतो आणि निघतो." आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातली किटली खाली दाबून पियोला काठापर्यंत भरायला लावला.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यानं किटली खाली ठेवली. दिलशोदकडं बघून हळू आवाजात काहीतरी विचारलं. आत कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता.

दिलशोद म्हणला, "ये पूछ रहे हैं, इनसे क्या गलती हुई."

"गलती कसली?"

मंग त्यानं सांगितलं. तिकडं पाहुण्याला कप भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि जा. थोडा दिला तर अर्थ असा की बसा. संपला की मी पुन्हा ओततो, पुन्हा ओततो, तुमच्यासाठी उठत-बसत राहतो, तुम्ही फक्त बसा. जितका थोडा चहा, तितका मोठा पाहुणा. आणि आबांनी स्वतःच्या हातानं स्वतःला हाकलून घेतलं होतं.

रफिकभाई एवढंच म्हणले, "आबा, बैठो ना. कायकू भागते."

आबा त्या भरलेल्या पियोल्याकडं बघत राह्यले. मंग वाकले. बुटाची नाडी सोडायला लागले. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत मी त्या माणसाला कुणाच्या घरी बूट काढताना पाह्यलं न्हवतं, बाहेर पण न्हाई, आत पण न्हाई. दोन्ही बूट काढले, वर सरकले, मांडी घातली. भरलेला पियोला उचलून मला दिला आणि रिकामा दुसरा पुढं केला.

"दिलशोद, त्याला सांग," ते म्हणले, "अर्धाच दे."

म्हातारा असा हसला की त्याचे दोन सोन्याचे दात दिसले.

त्यांच्याकडं त्या दिवशी आधीच पाहुणे येणार होते, त्यामुळं कढई चुलीवर होतीच. भाताचं एक मोठं ताट मधात आलं, आणि सगळ्यांनी त्यातच हात घालायचा. काकांना नोन, दही आणि मांडवावरची द्राक्षं. नोन सुरीनं कापत न्हाईत, म्हातारा हातानं तोडून प्रत्येकापुढं तुकडा ठेवत होता, सुलट बाजू वर करून. रस्त्यावरच्या लोकांना पण त्यानं नोन आणि द्राक्षं पाठवून दिली.

जेवता जेवता त्यानं आबांना लेकराबाळांचं विचारलं.

"एक पोरगी," आबा म्हणले. "परतूरला दिली."

दिली म्हणले. मी ऐकलं ते. दिलशोदनं परतूर हे नाव जसंच्या तसं सांगितलं आणि म्हाताऱ्यानं अशी मान हलवली जसं काय त्याची तिथं सोयरीक आहे. मंग विचारलं, गावापासून लांब आहे का.

आबांनी घोट घेतला. "न्हाई. जवळच आहे." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणले, "मलाच लांब पडतं." हे दिलशोदनं म्हाताऱ्याला सांगितलं न्हाई.

रस्त्यावरून बसचा हॉर्न वाजला. चाक बसवून झालं होतं. काका उठले, रफिकभाई उठले, मी पण चुळबुळ करायला लागलो.

"वाजू दे," आबा म्हणले.

बसमध्ये बसल्यावर बराच वेळ ते खिडकीतून कापूस बघत होते. मंग मला विचारलं, "साहेब, आपल्याकडं अर्धा म्हणजे काय?"

"म्हणजे घाई."

"हं," म्हणले. समरकंदच्या बाजारात त्यांनी सहा पियोले आणि पुडीभर झिरा घेतला. रफिकभाईंनी विचारलं, "भाभी के वास्ते?" तर म्हणले, "हॉटेलवाल्याला." साफ खोटं.

परत आल्यावर आठच दिवसांत मी परतूरला चाललो होतो. आबा पिशव्या घेऊन मागं बसले. एक मोसंबीची, एक कागदात गुंडाळलेल्या पियोल्यांची. ताईच्या दारात उतरले. "गाडी बंद करू नको," म्हणले आणि आत गेले.

मी बाहेर. गाडी चालू. खिडकीतून थोडं दिसत होतं, थोडं ऐकू येत होतं. ताईनं त्यांच्या सवयीनं अर्धा चहा आणला. आबांनी तो नव्या पियोल्यात ओतून घेतला आणि प्यायले. मी ॲक्सिलेटर दिला. आबा काही बाहेर येईनात. त्यांनी पियोला पुन्हा पुढं केला होता. "अर्धाच दे," म्हणले. ताईनं दिला. मंग पुन्हा. "अर्धाच." ताई गोंधळलेली, किटली हातात धरून उभीच. चौथ्या वेळी ती रडायला लागली आणि हसायला पण लागली, कारण तिला काहीच कळंना, फक्त एवढं कळलं की बाप अजून गेला न्हाई.

मंग आबांनी खिशातून झिऱ्याची पुडी काढली. "हे भातात टाकून बघ. गाजरं आहेत का? मी काही जेवणार न्हाई. पण जमतंय का तेवढी चव बघतो."

"बरं," ताई म्हणली.

"नुसती चव."

"हो ना. चवच पाहा तुम्ही."

आणि आतून मोठ्यानं आवाज आला, "साहेब, गाडी बंद कर. उगा काय भुरभुर लावली."

मी गाडी बंद केली. इतकं शांत वाटलं त्या गल्लीत, मला तर भीतीच वाटली. आत गेलो तर आबा पाटावर बसलेले, नात त्यांच्या बुटांत पाय घालून फिरून राह्यली. भात झाला. आबांनी चव बघायला सुरुवात केली. मास्तर शाळेतून आले तरी चव बघणं चालूच. ते दारातच थबकले, मंग हातपाय धुवून गुपचूप शेजारी बसले. ताईनं वाटी पुढं केली. "आबा, अजून थोडी चव वाढू का?"

"अर्धीच," आबा म्हणले.

पुढं दीड-दोन वर्षं आम्ही परतूरला जात राह्यलो. आबा शेवटपर्यंत तिथं जेवले न्हाईत, चवच बघितली. वरणाची, वांग्याची, पुरणपोळीची पण. बाकी सगळीकडं तोच माणूस, उभ्यानं चहा, उभ्यानं डबा. फक्त ताईच्या दारात स्वतःच माझ्या खांद्यावर हात मारायचे, "बंद कर."

मागच्या पेरणीच्या गर्दीत आबा गेले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणले, "आलोच," आणि मागं गोडाऊनमध्ये बियाण्याची थैली आणायला गेले. तो माणूस बराच वेळ थांबला. त्याला वाटलं, आबा म्हणजे आत्ता येतील.

परवा परतूरला गेल्तो. ताईनं हाक मारली म्हणून आत गेलो. तिनं पियोला आणला, चहा तळालाच, दोन घोट. मी संपवला, तिनं पुन्हा तेवढाच ओतला. मला पुढं दोन गावं करायची होती, पाय नुसते हलून राह्यले होते, पण उठता येईना. गाडी मी बंद करूनच आत आल्तो, मला पक्कं माहिती आहे. तरी मधूनमधून वाटत होतं की बाहेर ती चालूच आहे.